उंची पाच-तीन

देवदत्तच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नव्हती, कारण तिथे सायकली राहत होत्या. धड म्हणावी अशी एकच, त्याची स्वतःची. बाकीच्या सगळ्या सुट्ट्या. कोपऱ्यात चाकांच्या रिम, तुळशीच्या जागी ब्रेकचे लीव्हर, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत छर्रे आणि नटबोल्ट, आणि कपड्यांच्या काठीला लटकवलेल्या तीन चेन. ग्रुपातल्या कुणी सायकल बदलली की जुने पार्ट देवदत्तकडे यायचे. फेकायचं काहीच नाही, हा त्याचा बाणा. पद्मजा कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळवायची आणि पाहुण्यांची बेल वाजली की ओल्या कपड्यांचा ढीग उचलून आत पळायची.

बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून चालत सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर त्या दोघांचा संसार सतरा वर्षं चालला होता. मूल झालं नाही. सुरुवातीला त्यावर डॉक्टर झाले, नवस झाले, रडारड झाली, मग तो विषय दोघांनी मिळून माळ्यावर टाकला. देवदत्त एका औषध कंपनीत मशीनच्या देखभालीचं खातं सांभाळायचा. पद्मजा विमा कंपनीत होती. भांडण म्हणावं असं त्यांच्यात कधी झालं नाही, आणि देवदत्त हे चारचौघांत अभिमानानं सांगायचा. भांडायला निदान समोरच्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी पद्मजा चहा गाळता गाळता म्हणाली, "माझी चिपळूणला बदली झालीय. एक तारखेला जॉइन व्हायचंय."

"दिली, की मागून घेतली?"

"मागून."

"किती दिवस?"

"तीन वर्षं. पुढचं पुढे."

"आणि मी?"

"तू इथे आहेस ना. तुझ्या सायकली आहेत." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं देवदत्तला वाटलं. तो काहीतरी बोलायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि नेहमीसारखा दारातल्या स्टुलाला अडखळला.

"हे स्टूल मध्ये कोण ठेवतं गं रोज?"

"मीच. अजून कोण आहे इथे?"

एवढ्यावर ते बोलणं संपलं. स्टुलावर चढून तिनं वरच्या फळीवरचा डबा काढला, उतरून स्टूल भिंतीला सरकवलं आणि ऑफिसला गेली.

'मागून घेतली' हे शब्द देवदत्तच्या डोक्यात दोन दिवस फिरत राहिले. ती कायमची चालली असं म्हणाली नव्हती, परत येईन असंही म्हणाली नव्हती. चोवीस दिवस हातात होते. माणसानं अशा वेळी बायकोला समोर बसवून विचारलं असतं, की बाई, माझं काय चुकलं? पण देवदत्त मशीनवाला माणूस. काही बिघडलं की विचारायचं नाही, उघडून दुरुस्त करायचं. आणि काय उघडायचं ते त्याला रविवारी पार्कात, कान्हेरीचा चढ चढताना एकदम आठवलं.

अकरा वर्षांपूर्वी पद्मजानं एक गोष्ट मागितली होती. "मलाही घेऊन चल ना रे एकदा. कान्हेरीपर्यंत." लहानपणी ती चिपळूणजवळच्या खेर्डीला भाड्याच्या सायकलवर शिकली होती, हेही तेव्हा उत्साहानं सांगितलं होतं. देवदत्त म्हणाला होता, "बाजारातली घेऊ नकोस, नुसत्या वजनदार असतात. तुझ्यासाठी मी बनवतो एक." मग पुढच्या वर्षी चांगला फोर्क मिळाला की करू, त्याच्या पुढच्या वर्षी मागचं चाक मिळालं की करू. तिनं चार-पाच वर्षं आठवण करून दिली आणि मग सोडून दिलं. दिलेला शब्द अजून पुरा करता येतो, एवढंच त्याच्या डोक्यानं घेतलं आणि तो खूश झाला. सायकल बनली की पद्मजा थांबेल, निदान दर शनिवारी परत येईल. हा हिशोब त्यानं मनात पक्का केला आणि कामाला लागला.

रोज सकाळी साडेपाचला तो बाल्कनीत बसायचा. बाल्कनीचं दार ओढून घ्यायचा, कारण हे सरप्राइज होतं. दोन खोल्यांच्या घरात कसलं आलंय सरप्राइज? पद्मजाला हातोडीचा आवाज येत होता, ग्रीसचा वास येत होता, टॉवेलवर काळी बोटं दिसत होती. पण बाल्कनीतून आवाज येणं ही त्या घरात बातमी नव्हती.

फ्रेम कांदिवलीच्या निलेशची. निलेश म्हणजे रविवारच्या ग्रुपचा पुढारी, उंचीला पाच-पाच. त्याची जुनी सोळा इंची फ्रेम त्याला थोडी लहान पडायची म्हणून त्यानं देवदत्तकडे टाकली होती. पुढचा फोर्क एका अपघातात वाचलेल्या सायकलचा. चाकं दोन वेगळ्या घरची, गिअर देवदत्तचे स्वतःचे जुने, हँडल कुर्ल्याच्या एका मित्राकडून आलेलं. देवदत्तनं ग्रुपवर टाकलं, "बायकोसाठी माउंटन बाइक बनवतोय. एकही पार्ट विकत न घेता." खाली अंगठ्यांची रांग लागली. निलेशनं लिहिलं, "झकास! नवरा असावा तर असा." देवदत्तनं ते दिवसातून तीनदा उघडून वाचलं.

पेडल जिथे फिरतात तिथले आटे गंजून घट्ट बसले होते. ते काही त्याच्याकडून निघेनात. म्हणून एका शनिवारी दुपारी तो फ्रेम खांद्यावर टाकून दहिसरला, नदीच्या पुलाजवळ, चंद्रप्रकाशच्या दुकानात गेला. चंद्रप्रकाश तीस वर्षं सायकलीच करत आला होता. त्यानं आटे सोडवले, साफ केले आणि फ्रेम उभी धरून विचारलं, "कोणासाठी, साहेब?"

"बायकोसाठी."

"मग मॅडमला घेऊन या ना एकदा. हात बघायला लागेल." चंद्रप्रकाशची मापायची पद्धत जुनी होती. गिऱ्हाइकाला सायकलशेजारी उभं करायचं, मधली तीन बोटं पेडलच्या मधल्या दांड्याला टेकवायला लावायची आणि सीट काखेत येते का ते बघायचं. हात जेवढा लांब, तेवढे पाय लांब, असा त्याचा अनुभव होता.

"सरप्राइज आहे रे. आणता नाही येणार."

"मग उंची सांगा."

"पाच-तीन."

"नक्की ना? लोक अंदाजे बोलतात, मग सायकल परत आणतात."

"अंदाजे नाही. लिहिलेलं आहे."

आणि लिहिलेलं होतंच. लग्नाच्या वेळी पद्मजाच्या मामानं पाठवलेला बायोडेटा देवदत्तच्या आईनं इतक्यांदा मोठ्यानं वाचला होता, की त्याला तो पाठ झाला होता. जन्म रत्नागिरी, शिक्षण बी. कॉम., वर्ण गव्हाळ, उंची पाच फूट तीन इंच. उंचीचा कॉलम महत्त्वाचा होता, कारण तेवढी एकच अट देवदत्तनं घातली होती. 'पाच-दोनच्या खाली नको, फोटोत वाईट दिसतं.' स्वतः तो पाच-नऊ. मुलगी बघायला गेले तेव्हाची एक गंमत तो अजून सांगायचा, की आमच्याकडे पोहे मुलीनं आणलेच नाहीत, मावशीनं आणले, मुलगी आधीपासून सोफ्यावर बसलेली. लोक हसायचे. पद्मजाही हसायची.

घरी आल्यावर मात्र चंद्रप्रकाशचं 'नक्की ना' त्याला टोचत राहिलं. मशीनवाल्यानं दोनदा मापावं. हॉलमध्ये लग्नाचा फोटो होता, हार घातल्यावरचा, दोघं शेजारी शेजारी, कमरेपर्यंतचा. देवदत्त खुर्चीवर चढला आणि फोटोवर पट्टी धरली. पद्मजाचं डोकं बरोबर त्याच्या कानाला लागत होतं. कान म्हणजे पाच-तीन, पाच-चार. बसलं गणित! ज्या बाईचं माप घ्यायचं ती बारा फुटांवर ओट्याशी भेंडी चिरत होती, आणि हा शहाणा खुर्चीवर चढून सतरा वर्षांपूर्वीच्या फोटोला पट्टी लावत होता.

"काय करतोयस रे?" तिनं आतून विचारलं.

"काही नाही. फोटो तिरका झालाय."

सायकल वेळेत झाली. खरं बोलायचं तर सुरेख झाली. फ्रेम काळी, फोर्क लाल, चाकांचा रंग एकमेकांशी जुळत नव्हता, पण गिअर असे पडायचे की आवाज नाही. देवदत्तनं रंगीत स्टिकर कापून फ्रेमवर नाव चिकटवलं, 'पद्मजा'. त्या कामात त्यानं जीव ओतला होता यात शंका नाही. जीव कुठे ओतायचा, तेवढंच त्याला कळत नव्हतं.

पद्मजा मंगळवारी निघणार होती. आदल्या रविवारी सकाळी आठला देवदत्तनं तिला बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये खाली बोलावलं. निलेश आणि ग्रुपातले आणखी दोघं मोबाइल रोखून तयार होते. तळमजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. देवदत्तनं जुनी चादर ओढली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पद्मजा बघत राहिली. तिनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. घंटीसुद्धा होती, ती तिनं एकदा वाजवली, मग परत वाजवली. "माझ्यासाठी?" तिनं विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे देवदत्तनं दहा वर्षांत बघितलं नव्हतं. जिंकलो, त्याला वाटलं. खरंच वाटलं, आणि डोळे भरून आले.

"बसा ना, वहिनी. एक राउंड," निलेश म्हणाला.

तिनं ओढणी काढून काकूंच्या खिडकीच्या गजावर टाकली, हँडल धरलं आणि एक पाय दांडीवरून पलीकडे टाकला. पलीकडचा पाय जमिनीला पोचला नाही. ती चवड्यांवर आली, दांडी मध्ये टोचत होती. "जरा तिरकी करा, वहिनी," निलेश म्हणाला. तिनं तिरकी केली, सायकल भलत्याच बाजूला कलली, ती लंगडत दोन पावलं मागे गेली आणि खाली बसली. पेडलचे दात नडगीवरून खसकन ओढले गेले. देवदत्त धावला आणि त्यानं वेळेवर धरलं. सायकलला.

"सीट खाली घेतो, थांब," तो म्हणाला. सीट आधीच सगळ्यात खाली होती. आणि अडचण सीटची नव्हती, दांडीची होती. दांडी खाली होत नसते.

"असं कसं?" तो पुटपुटला. मग जरा चिडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "पाच-तीनला ही बसायलाच पाहिजे!"

पद्मजा नडगी दाबून बसली होती. तिनं वर बघितलं.

"पाच-तीन कोण?"

"कोण म्हणजे? तू."

निलेशनं मोबाइल खाली घेतला. मग ती उठली, ओढणी घेतली आणि म्हणाली, "घरी चल."

घरी ती स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर बसली आणि कापसानं रक्त पुसू लागली. देवदत्त दारात उभा राहिला.

"पाच-तीन कुठून आणलंस?"

"तुझ्या बायोडेटात होतं."

"ते मामानं टाकलं होतं. तू अट घातली होतीस ना, पाच-दोनच्या खाली नको. मामा म्हणाला, पाच-तीन लिहू, एक इंच वर असू दे." कापूस बदलत ती बोलत होती. "पोहे मावशीनं आणले, कारण मला सांगितलं होतं, उठायचं नाही. लग्नात माझ्या पायाखाली दोन पाट होते, एकावर एक. तुझ्याखाली एक. मध्ये अंतरपाट होता म्हणून तुला दिसलं नाही, असं मी धरून चालले."

देवदत्तच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मला फसवलंत."

माणसाच्या तोंडून पहिलं काय निघतं, ते त्याच्या हातात नसतं. पण निघालेलं परत घेता येत नाही. पद्मजानं मान हलवली.

"हो. फसवलं. पहिलं वर्षभर मी धड झोपले नाही. घरातसुद्धा टाचांच्या चपला घालून फिरायचे, आठवतं?"

"लादी गार लागते म्हणून..."

"लादी गार लागते असं मी सांगायचे. रोज वाटायचं, आज ह्याला कळणार. मग दुसऱ्या वर्षी वाटलं, असं किती दिवस जगायचं? एका सकाळी चपला काढल्या. म्हटलं, बघू दे एकदाचं. ओरडेल, आईकडे पाठवेल, काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्यासमोर अनवाणी उभं राहून तुला चहा दिला. तू चहा घेतलास आणि पेपर वाचत बसलास."

देवदत्तला ती सकाळ आठवत नव्हती.

"मला वाटलं, तुला कळलंय," ती म्हणाली. "कळलंय, पण मोठ्या मनानं सोडून दिलंस. एका शब्दानं बोलला नाही माणूस. मी देवापुढे रडले होते त्या दिवशी. नंतर तू माझं काही विसरलास, मला कुठे नेलं नाहीस, बाल्कनी भरून टाकलीस, मूल नाही झालं तेव्हा माझ्याजवळ बसायचं सोडून कान्हेरीला निघून गेलास, प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलं, पद्मा, ह्यानं तुझी एवढी मोठी गोष्ट पोटात घातलीय. पंधरा वर्षं मी त्यावर काढली, देवदत्त. आणि आज खाली कळलं, की तू पोटात काहीच घातलं नव्हतंस. तू बघितलंच नव्हतंस."

कुकरची शिट्टी शेजारच्या घरात झाली. देवदत्तला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली एक भीती होती, की ही बाई जे म्हणतेय ते शब्दन् शब्द खरं आहे.

"मग तू किती आहेस?" त्यानं शेवटी विचारलं.

"ते मी आता सांगणार नाही."

"अगं पण..."

"सांगितलेलं तू ऐकलंस आणि पाठ केलंस. हे बघून कळायचं होतं."

त्यानं हत्यारांच्या पेटीतून टेप आणली. "उभी राहा ना जरा दाराशी. एक मिनिट. मी लहान फ्रेम शोधतो, तेरा इंची, चौदा इंची. कुर्ल्याला मिळेल. पार्ट सगळे हेच बसतील. मी चिपळूणला आणून देईन, पद्मा."

ती उठली. क्षणभर त्याला वाटलं, दाराशी उभी राहील. तिनं त्याच्या हातातली टेप बघितली, त्याच्याकडे बघितलं.

"दर शनिवारी येईन, असं सांगणार होते तुला आज," ती म्हणाली. "खाली घंटी वाजवली ना, तेव्हा ठरवलं होतं." आणि ती बाजूनं निघून आत बॅग भरायला गेली.

मंगळवारी ती गेली. स्टेशनपर्यंत येऊ नकोस म्हणाली, आणि तो गेला नाही, कारण सांगितलेलं ऐकायची त्याला सवय होती.

शनिवारी तो सायकल घेऊन दहिसरला गेला. चंद्रप्रकाशनं लांबूनच ओळखलं. "मोठी झाली ना?"

"हो."

"बोललो होतो, हात बघायला आणा." त्यानं फ्रेम स्टँडला लावली. "लहान फ्रेम आहे एक माझ्याकडे, पडून आहे. घेऊन जा. पण ह्या वेळी माप पक्कं आणा, साहेब. हात नाही तर नाही, उंची तरी आणा. खरी."

"आणतो," देवदत्त म्हणाला.

घरी येऊन तो माप शोधायला लागला. तिच्या ड्रेसांवरून काढावं तर कपाट रिकामं. चपला सगळ्या नेलेल्या. भिंतीला स्टूल तेवढं होतं. मग हात धुवायला बाथरूममध्ये गेला तेव्हा त्याला आरशावर टिकल्या दिसल्या. आरसा त्यानंच लावला होता, सतरा वर्षांपूर्वी, स्वतःचं तोंड समोर येईल एवढ्या उंचीवर. टिकल्या पार खाली होत्या, आरशाच्या अगदी कडेला, त्याच्या छातीच्या थोड्या वर. लाल, मरून, एक काळी, चार-पाच एकावर एक. रोज संध्याकाळी तोंड धुताना ती टिकली काढायची आणि आरशात जिथे स्वतःचं कपाळ दिसेल तिथेच चिकटवायची. म्हणजे त्या आरशात तिला कपाळ आणि डोळे तेवढे दिसत असणार. बाकीचा चेहरा ती कशात बघायची, कोण जाणे.

तो धावत जाऊन टेप घेऊन आला. गुडघ्यावर बसून टेपचं टोक लादीला टेकवलं, टेप वर नेली, टिकलीपाशी अंगठा धरला. चार फूट सात. त्याला केवढा आनंद झाला! मिळालं, तो मोठ्यानं म्हणाला, रिकाम्या घरात. कपाळापर्यंत चार-सात. आता त्यात फक्त वरचं मिळवायचं, टिकलीपासून भांगापर्यंत, भांगापासून वर टाळूपर्यंत.

त्यानं डोळे मिटले आणि तिचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला. कपाळ रुंद होतं की अरुंद? केस ती वर बांधायची की मागे? तीन इंच धरावेत, की चार, की पाच? तो टेप हातात धरून तसाच लादीवर बसून राहिला, आणि त्याला काही केल्या सांगता येईना.